सोसायटीत गोवर आलाय, कमिटी फवारणीवर भांडतेय: हातात असलेल्या चार दिवसांत काय करता येईल

प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी त्याचा गाभा पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तर कळेल. ऐरोलीतल्या ९८ फ्लॅटच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी १६ फेब्रुवारीला लिहितायत. बी विंगमधल्या पाच वर्षांच्या मुलाच्या अंगावर ३ तारखेला पुरळ उठलं, त्याचा गोवराच्या लसीचा एकच डोस झालेला. १४ ला दुसऱ्या मुलाला उठलं, त्याचं लसीकरणाचं कार्ड सापडत नाही. काल १५ ला आठ महिन्यांच्या बाळाला. डॉक्टर तिघांनाही गोवर म्हणतात. कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो बाग बंद, क्लब हाऊस बंद, कामवाल्या बंद, रोज फवारणी. दुसरा म्हणतो, आपल्या लहानपणी सगळ्यांना झाला, होऊन जाऊ दे एकदाचा. सेक्रेटरींची स्वतःची मुलगी सहा महिन्यांची आहे आणि २२ तारखेला तिचं उष्टावण ठेवलंय.

माझ्याबद्दल दोन वाक्यं. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात २९ वर्षं नोकरी केली. एएनएम, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्यसेविका म्हणून लागले, एलएचव्ही, म्हणजे तिच्यावरची पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले, लोकांच्या तोंडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘सिस्टर’च. मी डॉक्टर नाही. तेव्हा आजारी मुलाच्या औषधाचं तुमचे डॉक्टर सांगतील ते खरं. आजार एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो आणि वाटेत कुठे अडवता येतो, एवढं मात्र मी हयातभर केलंय.

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय: ‘तिघंही दुपारी तळमजल्यावरच्या काकूंच्या पाळणाघरात असतात, आमचा मोठाही तिथेच जातो.’ अहो, भांडण बागेवर चाललंय आणि तिन्ही मुलं रोज चार तास एका एसी लावलेल्या, खिडक्या बंद केलेल्या खोलीत बसत होती! बागेत वारा असतो. गोवराचा विषाणू हवेतून जातो. आजारी मूल खोलीतून उठून गेलं तरी बंद खोलीच्या हवेत तो दोन तासांपर्यंत राहू शकतो. आणि ज्याला संरक्षण नाही असं मूल आजाऱ्याच्या सहवासात आलं, तर दहातल्या नऊ जणांना लागण होते. कुणालाच बचावाची लस मिळालेली नाही अशा वस्तीत एक गोवराचा रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देतो असं पुस्तकात आहे. फ्लूचा रुग्ण एखाद-दोघांना देतो. हा फरक डोक्यात ठेवा, कारण कोविडच्या वेळी शिकलेले निम्मे उपाय इथे अपुरे पडतात.

फवारणीचं आधीच संपवून टाकते. धुराची फवारणी डासांसाठी असते, डेंग्यू-मलेरियासाठी. गोवराला डास लागत नाही. जिन्याच्या कठड्यावर सोडियम हायपोक्लोराइट मारूनही फार काही साधत नाही, कारण कठड्यावरचा आणि हवेतला विषाणू तसाही दोन तासांत निकामी होतो. फवारणीने होतं एवढंच, की कमिटीला काम केल्यासारखं वाटतं आणि पहिल्या मजल्यावरच्या दम्याच्या आजोबांना रात्रभर खोकला लागतो. ते पैसे वाचवा. कावीळ असती तर मी तुम्हाला पाण्याच्या टाकीकडे पाठवलं असतं, डेंग्यू असता तर कुंड्यांच्या ताटल्यांकडे. प्रत्येक आजाराची वाट वेगळी असते, आणि अडवायची ती वाट असते.

आता तारखा. कागद-पेन घ्या, हे मी प्रत्येक ठिकाणी खडूने भिंतीवर मांडून दाखवायची.

गोवराचं मूल पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत आजार पसरवतं. म्हणजे पहिला मुलगा ३० जानेवारी ते ७ फेब्रुवारी. यातले पहिले चार दिवस त्याला ताप, सर्दी, कोरडा खोकला, लालबुंद पाणावलेले डोळे, एवढंच होतं. कुणालाही ‘व्हायरल’ वाटेल असं. आई ऑफिसला जाणारी, क्रोसिनचं सिरप देऊन पाळणाघरात सोडलं असेल. तिला दोष देऊ नका, मीसुद्धा माझ्या पोराला तसं सोडलंय.

लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण १४ दिवस जातात. कधी सात, कधी २१, पण बहुतेकदा दोन आठवड्यांच्या आसपास. म्हणजे ३० जानेवारीला ज्यांनी त्याच्या शेजारी बसून खिचडी खाल्ली, त्यांच्या अंगावर १३ फेब्रुवारीच्या सुमारास उठणार. उठलंच, १४ आणि १५ ला. हिशोब चोख लागतो.

आता या दोघांचं बघा. दुसऱ्याला १४ ला उठलं म्हणजे तो १० तारखेपासून पसरवत होता. आणि तुम्ही लिहिलंय की तो १४ च्या दुपारपर्यंत पाळणाघरात होता, तिथेच कानामागे लाल दिसलं म्हणून घरी पाठवला. तर १० तारखेला ज्यांना त्याच्यापासून लागण झाली, ती मुलं स्वतः कधीपासून पसरवायला लागतील? दहा दिवसांनी. २० तारखेपासून. त्यांच्या अंगावर पुरळ मात्र २४ ला दिसेल.

तुम्ही आज १६ ला विचारताय. आज ती मुलं ठणठणीत आहेत, खेळतायत, कुणाला काही देऊ शकत नाहीत. २० तारखेनंतर देऊ लागतील, तेही नुसती सर्दी घेऊन. म्हणजे तुमच्या हातात चार दिवस आहेत. कमिटीच्या दोन मीटिंगा झाल्या की ते संपले.

या चार दिवसांत करायचं काम फवारणीइतकं दिमाखदार नाही. यादी करायची.

यादी म्हणजे नावांची यादी नव्हे, कार्डांची. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ज्यांच्या मुलांचं लसीकरण झालं नाही त्यांनी कळवावे’ असं टाकाल तर एकही उत्तर यायचं नाही. ज्यांचं झालंय ते अंगठा दाखवतील, राहिलेले गप्प बसतील. दार वाजवून ‘लस झाली का हो?’ विचाराल तर शंभरातल्या पंच्याण्णव जणी ‘हो, झाली’ म्हणतील, आणि खोटंही बोलत नसतील. पोलिओचे थेंब इतक्या वेळा घरी येऊन पाजलेत आपण, की कित्येक आयांच्या मनात ‘लस’ म्हणजे तेच. म्हणून मी विचारायची: तोंडात की दंडावर? सरकारी केंद्रात गोवर-रुबेलाची सुई उजव्या दंडावर देतात, कातडीखाली. पेंटाची, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीची, मांडीत. ‘नऊ-दहा महिन्यांचा असताना दंडावर सुई आठवते? आणि चालायला लागल्यावर, दीड वर्षाच्या आसपास पुन्हा?’ असं विचारलं की आई थांबते, नवऱ्याकडे बघते, आणि म्हणते, ‘तेव्हा आम्ही गावाला होतो.’ तिथे तुम्हाला तुमचं मूल सापडलं.

खासगीत वेळापत्रक थोडं वेगळं असतं. तिथे बहुतेक ठिकाणी नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) देतात, आणि ती कधी मांडीवरही दिलेली असते. सरकारीत नऊ ते बारा महिन्यांत पहिला आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस. तुमच्या सोसायटीत दोन्ही प्रकारची मुलं असणार. म्हणून कार्डाचा फोटो मागवा आणि दोनच गोष्टी बघा: गोवर असलेले डोस किती, तारखा कोणत्या. कार्ड सापडत नसेल तर डोस झाला नाही असं धरायचं. झालेला डोस पुन्हा पडला तर मुलाला अपाय होत नाही. न झालेला झाला समजलो तर होतो.

आमच्या भाषेत राहिलेली मुलं दोन जातींची. लेफ्ट आउट, म्हणजे सुरुवातच नाही. आणि ड्रॉप आउट, सुरुवात झाली, मध्येच सुटलं. इमारतींमध्ये लेफ्ट आउट क्वचित मिळतं. ड्रॉप आउट भरपूर, आणि बहुतेक वेळा सुटलेला डोस दीड वर्षाचाच असतो. तोवर आईची रजा संपलेली, मूल गुटगुटीत दिसतंय, डॉक्टरकडे जायचं कारण उरत नाही. तुमचा पहिला मुलगा तोच नमुना. नऊ महिन्यांना दिलेल्या एका डोसने साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळतं. उरलेल्यांसाठीच दुसरा असतो, आणि दोन्ही झाले की आकडा ९७ च्या आसपास जातो.

आणि यादीत तुमच्या ९८ फ्लॅटांबाहेरची मुलं घ्या. हे ठळक अक्षरात लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं. वॉचमनची खोली पंपरूमच्या शेजारी असते, मेंबरांच्या रजिस्टरात नसते. तिथे दोन पोरं असतात. शेजारच्या प्लॉटवर काम चालू असेल तर पत्र्याच्या खोल्यांत आठ-दहा पोरं असतात, जालना-परभणीकडून आलेली, दर सहा महिन्यांनी साइट बदलणारी. मी दिघ्याला असताना पोलिओच्या मोहिमेत घरांवर खडूने खुणा करायचो. सगळी मुलं झाली तर ‘पी’, एखादं राहिलं तर ‘एक्स’. संध्याकाळी एक्स घरांना पुन्हा फेरी. एकदा एका इमारतीला वरपासून खालपर्यंत पी मारून निघालो, आणि चप्पल घालताना जिन्याखालच्या लाकडी दारामागून बाळाचं रडू आलं. दार एवढं बुटकं की आम्ही ते मीटरचं समजलो होतो. त्यानंतर मी इमारतीची सुरुवात जिन्याखालूनच केली.

त्याच ओघात कामवाल्यांचं. ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांना विचारा, गोवर त्यांनी आणला की त्या तुमच्याकडून नेणार आहेत? इथे तर तीनही रुग्ण तुमच्या फ्लॅटांतले आहेत. बायांपैकी बहुतेकींना लहानपणी गोवर होऊन गेलेला असतो, एकदा झाला की आयुष्यभराचं संरक्षण. धोका त्यांच्या घरच्या लहान मुलांना आहे. त्यांना घरी बसवून पगार कापाल तर त्या पुढच्या इमारतीत काम धरतील, आणि त्यांची मुलं यादीतून कायमची निसटतील. त्याऐवजी सांगा, ‘मावशी, उद्या येताना मुलांची कार्डं घेऊन या, शनिवारी मुलांनाच घेऊन या.’

शनिवारी म्हणजे कुठे? तर यादी झाली की ती घेऊन आपल्या भागातल्या महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जायचं, उद्याच. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगायचं की तीन ताप-पुरळाचे रुग्ण आहेत. त्यांना हे कळवणं तसंही आवश्यक आहे. ते रक्ताचे नमुने घेतील, कारण गोवरासारखं दिसणारं बरंच काही असतं, रुबेला असतो, डेंग्यूतही पुरळ येतं. एक बारकावा: पुरळ उठल्यावर पहिल्या तीन दिवसांत घेतलेल्या रक्तात कधी कधी तपासणी निगेटिव्ह येते आणि कमिटी सुस्कारा टाकते. सुस्कारा टाकू नका. पहिल्या मुलाचा नमुना जास्त भरवशाचा. आणि अहवालासाठी चार दिवस थांबूही नका, यादीचं काम त्याच्याशिवाय चालू करता येतं.

केंद्राला रिकाम्या हाताने ‘आमच्याकडे कॅम्प लावा’ म्हणू नका. यादी हातात असली की सिस्टरांना हायसं वाटतं. कारण सांगते. एमआरच्या (गोवर-रुबेलाच्या) एका व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, अनेक डोस असतात. पावडरमध्ये पाणी घालून ती फोडली की चार तासांत संपवायची, उरलेली फेकायची. दोन मुलांसाठी व्हायल फोडायला सिस्टर कां-कू करते, आणि ती आळशी नसते, तिला वाया गेलेल्या डोसांचा हिशोब द्यावा लागतो. तुम्ही तुमची सहा, वॉचमनची दोन, साइटवरची पाच, मावशींची चार अशी मुलं एका सकाळी जमवलीत तर क्लब हाऊसमध्ये सेशन लागू शकतं. लागलं नाही तर मुलांना घेऊन केंद्रात जा, पण सगळे एकाच दिवशी. (क्लब हाऊस बंद ठेवायचा ठराव झालाच असेल तर तो शनिवारपुरता उघडा. खिडक्यांसकट.)

इथे एक खरी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर नंतर तुम्ही मला शिव्या द्याल. लागण झालेल्या मुलाला सहवासानंतर ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. तुमच्या पाळणाघरातली जी मुलं १० आणि ११ तारखेलाच दुसऱ्या मुलाच्या जवळ होती, त्यांच्यासाठी ती मुदत गेली. त्यांच्यातल्या बिनडोसवाल्यांना लस देऊनही २४ च्या आसपास गोवर होऊ शकतो. लोक लगेच म्हणतील लसीनेच झाला. तरी लस द्यायचीच, कारण कुणाला नक्की कधी लागण झाली हे कपाळावर लिहिलेलं नसतं. पण शनिवारच्या सुईचा खरा उपयोग पुढच्या वर्तुळाला आहे. पाळणाघरात न जाणारी, पण तिथल्या मुलांच्या भावंडांबरोबर लिफ्टमध्ये भेटणारी, जिन्यात खेळणारी मुलं. आग लागलेल्या झोपडीवर पाणी टाकताना शेजारचं छप्पर आधी भिजवतात, तसं.

शिवाय लसीनंतर सात ते बारा दिवसांनी काही मुलांना एक-दोन दिवस ताप येतो, थोड्यांना फिकट पुरळही. शनिवारी सेशन झालं तर हे बरोब्बर महिन्याच्या शेवटी येईल, खऱ्या गोवराच्या तिसऱ्या फळीच्या जोडीला. ग्रुपवर गोंधळ उडणार. आधीच सांगून ठेवा, की ताप आला तर केंद्रात फोन करा, काय आहे ते सिस्टर बघतील. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना एमआर दिली, तेव्हा हे आधी न सांगितल्याची किंमत आम्ही काही शाळांच्या दारात उभं राहून मोजलीय.

पाळणाघर. काकूंवर सगळे तुटून पडले असतील. त्यांचं पोट त्याच्यावर आहे, आणि तापाचं मूल घेऊ नका असं कुणी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पूर्ण बंद करायला हवं का? माझ्या मते नाही, कारण ज्या मुलांचे दोन्ही डोस झालेत त्यांना घरी बसवून फारसं काही साधत नाही, आणि पाळणाघर बंद झालं की तीच मुलं वेगवेगळ्या आज्यांकडे, मावश्यांकडे, दुसऱ्या इमारतीतल्या पाळणाघरात विखुरतात. ज्यांचे डोस पूर्ण नाहीत आणि जी १० ते १४ दरम्यान त्या खोलीत होती, त्यांनी शेवटच्या सहवासापासून २१ दिवस, म्हणजे ७ मार्चपर्यंत, घरी राहायचं. शाळा नाही, बाग नाही, वाढदिवस नाही. केंद्राचे डॉक्टर परिस्थिती बघून यात कमी-जास्त करतील, त्यांचं ऐका. बाकीच्यांसाठी एसी बंद, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, पंखा चालू. फेब्रुवारीत ऐरोलीला खाडीवरून बरा वारा येतो, त्याचा फायदा घ्या.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: बाग उघडी ठेवा, पाळणाघराची खोली उघडी करा, कार्डांवरून यादी उद्या संध्याकाळपर्यंत, केंद्रात उद्याच, सुया शनिवारपर्यंत, आणि डोस न झालेली सहवासातली मुलं ७ मार्चपर्यंत घरात.

आता माझी एक चूक सांगते, कारण तीच चूक तुमच्या इमारतीतला कुणीतरी या आठवड्यात करणार आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या केंद्रात होते तिथे बुधवारी बाळांचं लसीकरण असायचं. एक आई तीनेक वर्षांच्या मुलाला तपासायला घेऊन आली. ताप, डोळे लाल, नाक गळतंय. गर्दी होती, पोरगं किरकिरत होतं. मी त्याला बिस्कीट दिलं आणि बाकावर, पंख्याखाली, बाळांच्या रांगेत बसवलं. पाऊण तास. दोन दिवसांनी कळलं गोवर आहे. दोन आठवड्यांनी त्या बुधवारच्या बाळांपैकी दोघं पुरळ घेऊन आली, त्यातल्या सात महिन्यांच्या मुलीला न्यूमोनिया होऊन ॲडमिट करावं लागलं. वाचली. तिच्या आईने मला विचारलं होतं, ‘सिस्टर, आम्ही तर घराबाहेरसुद्धा काढत नव्हतो हिला. कुठून आला?’ मी तेव्हा तिला काही बोलले नाही. त्यानंतर त्या केंद्राच्या मागच्या दाराशी बदामाच्या झाडाखाली एक स्टूल कायम असायचं. ताप आणि लाल डोळे दिसले की मूल तिकडे, डॉक्टर बाहेर येऊन बघतील.

म्हणून तुमच्याकडे आता कुणाला ताप आला तर सरळ दवाखान्यात जाऊन नंबर लावू नका. आधी फोन करा, ‘आमच्या इमारतीत गोवर आहे, मुलाला ताप आहे’ एवढं सांगा. बोलावतील तेव्हा जा, रिक्षात थांबा, दोन वर्षांवरच्या मुलाला मास्क लावा. लिफ्टऐवजी जिना जमत असेल तर जिना.

आजारी मुलांबद्दल थोडंच. पुरळ उठल्यापासून चार दिवस पूर्ण घरात. पहिला मुलगा मोकळा झालाय, त्याला बागेत बघून ओरडू नका. दुसरा १९ पासून, बाळ २० पासून. जेवण बंद करू नका. फोडणी नको, आंघोळ नको, दूध नको, हे सगळं मी ऐकलंय. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण पोटाला मऊ भात, वरण, पेज, पाणी आणि बाळाला अंगावरचं दूध भरपूर. डॉक्टरांना अ जीवनसत्त्वाबद्दल जरूर विचारा. गोवरात ते दोन दिवस लागोपाठ देतात, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक-एक लाख युनिट आणि वर्षावरच्याला दोन-दोन लाख. त्याने डोळे वाचतात आणि मृत्यूचा धोका कमी होतो. अंदाजाने घरी देऊ नका. श्वास भरभर चाललाय, छाती आत ओढली जातेय, मूल पीत नाही, गुंगीत आहे, झटका आला, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा.

‘होऊन जाऊ दे’वाल्यांना उत्तर. आपल्या लहानपणी सगळ्यांना झाला, खरंय. जे त्यातून उठले ते आज कमिटीत बसलेत, जे उठले नाहीत ते मीटिंगला येऊ शकत नाहीत. गोवर स्वतः फार क्वचित मारतो. न्यूमोनिया, जुलाब, कधी मेंदूला सूज, यांनी मारतो. आणि बरा होऊन गेल्यावरही शरीराने आधी कमावलेली प्रतिकारशक्ती काही महिने, कधी दोन-तीन वर्षं विसरल्यासारखी होते. गोवर झालेलं मूल त्या वर्षी सारखं आजारी पडतं असं आमच्या जुन्या दाया सांगायच्या, त्यात तथ्य होतं. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावला काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. लॉकडाऊनच्या दोन वर्षांत सुटलेले डोस होते ते. मी तेव्हा निवृत्त होते, तरी यादी करायला हात कमी पडतात म्हणून गेले होते. पोरं तीच, दीड वर्षाची सुई सुटलेली.

तुम्ही सोसायटीत ९५ टक्के लसीकरण आहे असं अभिमानाने लिहिलंय. गोवराला तेवढंच लागतं, बरोबर. पण उरलेले पाच टक्के सातव्या मजल्यावर एक, सी विंगमध्ये एक असे विखुरलेले असतील तरच तो आकडा कामाचा. तुमच्याकडे ते दुपारी एकाच खोलीत झोपत होते.

गरोदर बायकांना विसरू नका. त्यांना ही लस देता येत नाही. आज तिशीत असलेल्या बऱ्याच जणींना लहानपणी एकच डोस मिळालाय, कारण दुसरा डोस सरकारी कार्यक्रमात २०१० नंतर आला. इमारतीत कुणी गरोदर असेल आणि आजारी मुलाच्या सहवासात आली असेल, तर तिने तिच्या डॉक्टरांना लगेच सांगावं. सहवासानंतर सहा दिवसांच्या आत काही जणींना इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिकारद्रव्यांचं इंजेक्शन, देता येतं. सहा दिवस उलटल्यावर त्याचा उपयोग नाही.

आता तुमची मुलगी. आईकडून आलेलं संरक्षण सहा महिन्यांच्या सुमाराला बरंच ओसरलेलं असतं, आणि आईला गोवर होऊन न जाता लस मिळाली असेल तर आणखी लवकर. तिच्या वयाला लस वेळापत्रकात नाही, पण साथ असेल आणि नऊ महिन्यांखालची मुलं आजारी पडत असतील तर सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस देण्याचा निर्णय होऊ शकतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने तशी सूचना दिली होती. तुमच्याकडे तीनातलं एक बाळ आठ महिन्यांचं आहे, तेव्हा उद्या केंद्रात हे आवर्जून विचारा. मिळाला तर तो हिशोबात धरायचा नाही, नऊ आणि सोळा महिन्यांचे दोन्ही नंतर घ्यायचेच. तुमच्या मोठ्याचे दोन डोस झालेत म्हणालात, छान. ते तिचं सगळ्यात मोठं कवच आहे, हात धुण्यापेक्षाही. त्याचं कार्ड मात्र स्वतः डोळ्यांनी बघा, आठवणीवर जाऊ नका.

शेवटच्या रुग्णाच्या पुरळापासून ४२ दिवस नवं कुणी निघालं नाही की साथ संपली असं आम्ही धरायचो. तोवर यादी फाडू नका.

राहिलं उष्टावण. २२ तारीख, क्लब हाऊस, साठ माणसं, त्यात वीस मुलं. वरचा हिशोब पुन्हा बघा. २० ला पसरवायला लागतील, २४ ला पुरळ दिसेल. महिन्यातला याहून वाईट दिवस शोधूनही सापडला नसता. वीस मुलांमध्ये एखाद्याला नुसतं शेंबूड असेल आणि सगळे जण तुमच्या मुलीला कडेवर घ्यायला धावतील. हॉल रद्द करा. मामा नगरहून येणारच असेल तर येऊ दे, घरातच पाटावर बसून, गॅलरीचं दार उघडं ठेवून, चांदीच्या वाटीतली खीर त्याने भरवावी. मात्र तो निघायच्या आधी त्याच्या आईला फोन करून विचारा, याला लहानपणी गोवर झाला होता का. आयांना ते नक्की आठवतं, आणि कुठल्या परीक्षेच्या वेळी झाला होता तेही.